गुरुनाथकाका आणि साडेनऊ इंच बर्फ

गुरुनाथ आठल्ये यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मेलेलो होतो. निदान माझी तशी खात्री होती. पेनसिल्व्हेनियातल्या हिकरी हंप नावाच्या टेकाडावरून मी पायांना दोन फळ्या बांधून निघालो होतो. त्यातली डावी फळी अर्ध्या वाटेत मला सोडून स्वतःच्या मर्जीने पुढे गेली. त्यानंतर मी जो गडगडलो तो इतका वेळ गडगडलो, की मला वाचवायला धावलेली माणसं मधे कॉफी पिऊन आली. अंगावर बर्फाचे थर चढत गेले. तळाशी पोचेपर्यंत मी एखाद्या मध्यम आकाराच्या बंगल्याएवढा झालो होतो, आणि वर जाणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यांत बसलेले लोक मला पाहून आपापल्या मुलांना जवळ घेत होते.

डोळे उघडले तर समोर यम उभा. यमाने तपकिरी माकडटोपी घातली होती. तिच्यावर स्कीइंगचा निळा चष्मा, अंगात रस्त्यावर काम करणाऱ्यांचं पिवळं जाकीट, पायात गमबूट. त्याच्या हातात पाश असतो असं मी लहानपणी ऐकलं होतं. याच्या हातात स्टीलची टेप होती.

"आई गं," मी म्हणालो.

"मराठी?" यमाने विचारलं.

"हो."

"मग हलू नका."

कुठे लागलंय का, शुद्ध आहे का, पाय हलतो का, असलं काहीही न विचारता त्यांनी गुडघ्यावर बसून माझ्या डोक्याजवळ, कमरेजवळ आणि टाचेजवळ टेप खुपसली. मी पडलो तिथे खड्डा किती खोल झाला ते त्यांना मोजायचं होतं, आणि मी हललो असतो तर कडा ढासळल्या असत्या. मग त्यांनी माझं वजन विचारलं. मी सवयीने सहा किलो कमी सांगितलं. त्यांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खरं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिकरी हंपचा बर्फाचा अहवाल अकराशे लोकांच्या ईमेलमध्ये गेला. त्यात लिहिलं होतं: "काल दुपारी चौऱ्याऐंशी किलोचा एक गृहस्थ दुसऱ्या उतारावर पूर्ण वेगाने आदळला. खड्डा अडीच इंच. म्हणजे बर्फ कडक आहे. गृहस्थ बरे आहेत."

गुरुनाथकाकांचं वय तेव्हा एकाहत्तर होतं. मूळचे रत्नागिरीकडचे. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्यांनी पाहिलेला सगळा बर्फ माशांवर टाकलेला होता. मग ते अमेरिकेत आले आणि छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: काँक्रीट तपासणं. पूल असो, धरण असो, कॉलेजचं वसतिगृह असो, कंत्राटदार म्हणायचा की माल उत्तम आहे, आणि काका म्हणायचे, बघू. त्यांच्याकडे पत्र्याचा एक शंकू होता. त्यात ओलं काँक्रीट भरायचं, शंकू उचलायचा आणि ढीग किती खाली बसतो ते मोजायचं. ढीग जास्त बसला तर माल परत. या शंकूने पेनसिल्व्हेनियातल्या कंत्राटदारांच्या दोन पिढ्यांची झोप उडवली होती.

पासष्टाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आता आपल्याला कुणीही काहीही विचारत नाही. घरी सरलाकाकू होत्या, त्या तर नोकरीत असतानाही विचारत नव्हत्या. मुलगी सुचित्रा मॉरिसव्हिलला. ती फोन करायची, पण तो आईला. मंडळाच्या गणपतीत त्यांनी मांडवाच्या पायाबद्दल मत दिलं, तर लोकांनी त्यांना प्रसादाच्या रांगेत पुढे जायला सांगितलं.

अशा अवस्थेत एका नाताळच्या सुट्टीत सुचित्राचा मुलगा ओजस आला आणि म्हणाला, "आजोबा, can we go skiing?" हिकरी हंप त्यांच्या स्टेट कॉलेज गावातल्या घरापासून चाळीस मिनिटांवर. वेबसाइटवर लिहिलं होतं: बर्फ चोवीस इंच, दाबलेला आणि मऊ. काकांनी चोवीस इंच वाचलं आणि टेप बरोबर घेतली.

बर्फ साडेनऊ इंच निघाला.

आता स्कीइंगच्या धंद्यात एक रीत आहे, ती सगळ्यांना माहीत असते. अहवाल लिहिणाऱ्याने काचेसारख्या बर्फाला 'घट्ट' म्हणायचं, चिखलाला 'वासंतिक' म्हणायचं आणि उघड्या गवताला काहीच म्हणायचं नाही. वाचणाऱ्याने त्यातून निम्मं वजा करायचं आणि तरीही यायचं. कुणाचीच तक्रार नसते. काका मात्र तडक मॅनेजरच्या ऑफिसात गेले. मॅनेजर होत्या ब्रेंडा यॉडर, साठीच्या, उंचापुऱ्या, आवाज बर्फ सारणाऱ्या ट्रकसारखा. काकांनी पाच ठिकाणची मापं त्यांच्या टेबलावर ठेवली, त्यांची सरासरी काढून दाखवली आणि चोवीस हा आकडा कोणत्या ठिकाणी मोजला, असं नम्रपणे विचारलं. ब्रेंडाबाई त्या दिवशी सकाळपासून बंद पडलेल्या लिफ्टशी भांडत होत्या. त्या म्हणाल्या, एवढी हौस असेल तर उद्यापासून तुम्हीच मोजा.

टोमणा मारताना समोरचा माणूस कोण आहे ते पाहून मारावा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला काका गमबूट घालून हजर होते.

पुढची पाच वर्षं, डिसेंबर ते मार्च, एकही सकाळ त्यांनी चुकवली नाही. पाच ठिकाणी टेप. पायथ्याशी आणि माथ्यावर थर्मामीटर. वाऱ्यासाठी सरलाकाकूंच्या जुन्या साडीची पट्टी, काठीला बांधून. आणि शेवटी शंकू. शंकूत बर्फ भरायचा, उचलायचा, ढीग किती बसतो ते बघायचं. स्की त्यांनी जन्मात केलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी पूल तपासायचो, तेव्हा पुलावरून उड्या मारत नव्हतो."

त्यांचे अहवाल इंग्रजीत असत, पण त्यातला माणूस रत्नागिरीचा होता. "तिसऱ्या उतारावर गवत दिसतं. गवत चांगलं आहे." "वारा वायव्येचा. लिफ्टमध्ये नाकाला काहीतरी बांधावं. काय बांधावं ते ज्याने त्याने ठरवावं." "दुपारी पाऊस. ज्यांनी तिकिटं काढली आहेत त्यांनी यावं, पण अपेक्षा ठेवून येऊ नये." आणि एका शनिवारी फक्त एवढंच: "आज घरी थांबा. कपाटं आवरा."

या शेवटच्या अहवालानंतर ब्रेंडाबाईंनी त्यांना समोर बसवलं. "गुरू," त्या म्हणाल्या, कारण गुरुनाथ त्यांच्या तोंडात मावत नव्हतं, "लोक इथे मजा करायला येतात. पुरावे बघायला नाही."

पण गंमत अशी झाली, की लोक यायला लागले. तीन तास गाडी चालवून काचेवर आपटलेल्या माणसाला खरं बोलणारा कुणीतरी भेटला, की तो त्याला सोडत नाही. काका म्हणत येऊ नका, तेव्हा कुणी येत नसे. पण काका जेव्हा या म्हणत, तेव्हा आजूबाजूचे पाच जिल्हे येत.

आणि इथे काकांची प्रतवारी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आपल्याकडे काही घरांत कौतुक करणं हे मोठ्याने ढेकर देण्याइतकंच असभ्य समजतात. काका तशा घरातले. त्यांच्याकडे तीनच शेरे होते: 'नको', 'चालेल' आणि 'वाईट नाही'. याच्या वर शेरा नव्हता. सरलाकाकू सांगायच्या, की लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पण त्यांच्या हातच्या गव्हल्यांच्या खिरीला अजून 'वाईट नाही'च्या पुढे कुणी नेलेलं नाही. "सुचित्रा झाली तेव्हा नर्सने बाळ हातात दिलं," काकू म्हणायच्या, "यांनी नीट बघितलं. उलटं करून बघितलं. आणि म्हणाले, चालेल."

पाच हिवाळ्यांत काकांनी हिकरी हंपच्या बर्फाला 'नॉट बॅड' हा शेरा अकरा वेळा दिला. त्या अकराही दिवशी सकाळी नऊच्या आत पार्किंग भरलं. लोकांनी ऑफिसात आजारपणं कळवली. आजारपणाचं कारण सगळ्यांनी एकच दिलं असावं, कारण त्या भागातल्या एका शाळेत म्हणे तेरा शिक्षकांना एकाच सकाळी पोटदुखी झाली. गाड्यांच्या मागे 'नॉट बॅड — गुरू' असे स्टिकर दिसायला लागले. काकांनी पहिला स्टिकर पाहिला तेव्हा ते पाच मिनिटं तिथे उभे राहिले. मग म्हणाले, अक्षर वाकडं लागलंय. पण त्या दिवशी त्यांनी मला स्वतःहून चहा पाजला.

म्हणजे निवृत्तीनंतर ज्या माणसाला कुणी वेळही विचारत नव्हतं, त्याचं मत आता अकराशे लोक रोज सकाळी पांघरुणातून हात बाहेर काढून वाचत होते. काकांना दुसरं काही नको होतं.

आणि नेमकं तेच जायची वेळ आली. गेल्या हिवाळ्यात जानेवारीभर पाऊस पडला. काकांनी सलग एकोणीस दिवस 'नको' लिहिलं. हिकरी हंपचे मालक हॅरिसबर्गला राहणारे एक म्हातारे डेंटिस्ट होते. त्यांनी ब्रेंडाबाईंना कळवलं, की फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीतल्या शनिवारी पार्किंगमध्ये चारशे गाड्या दिसल्या तर पुढच्या वर्षी टेकडी चालू ठेवू. नाही दिसल्या तर विकू. चारशे म्हणजे काठोकाठ. ब्रेंडाबाईंनी हे काकांना सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "एक चांगला शब्द, गुरू. फक्त एक."

"बर्फ पडू दे," काका म्हणाले. "लिहितो."

"आणि नाही पडला तर?"

"तर पडला नाही असं लिहितो."

शुक्रवारी संध्याकाळी बर्फ सुरू झाला आणि मध्यरात्री थांबला. शनिवारी पहाटे काकांची गाडी ड्राइव्हवेमध्ये गाडली गेली होती, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी त्यांना आणि काकूंना घेऊन निघालो. काकू एरवी कधी येत नसत. त्या म्हणाल्या, आज यांचा निकाल आहे, कुणीतरी बरोबर हवं. रस्ते तोपर्यंत अगदी स्वच्छ झाले होते. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे नंतर कुणी रस्त्यांना दोष देऊ नये.

हिकरी हंपवर काकांनी पहिल्या ठिकाणी टेप खुपसली. मग बाहेर काढून पुसली आणि पुन्हा खुपसली. सतरा इंच. दुसऱ्या ठिकाणी सतरा. तिसऱ्या ठिकाणी अठरा. वारा शून्य, काकूंच्या साडीची पट्टी काठीला चिकटून झोपली होती. मग त्यांनी शंकू भरला आणि उचलला. बर्फाचा ढीग बसला नाही, ढासळलाही नाही. भाजलेल्या रव्यासारखा सगळीकडून हलकेच ओघळला. काका त्याच्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षांच्या काँक्रीटमध्ये आणि पाच वर्षांच्या बर्फात त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं.

ऑफिसात येऊन ते कॉम्प्युटरसमोर बसले. आकडे झाले. शेऱ्याची जागा राहिली. मागे ब्रेंडाबाई, काकू आणि मी उभे. काकांनी 'नॉट बॅड' टाइप केलं. खोडलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा खोडलं.

"अहो, काय झालं?" काकूंनी विचारलं.

"हे वाईट नाही असं म्हणणं खोटं होईल," काका म्हणाले. "हे त्याच्या वर आहे."

"मग वरचं लिहा."

"वरचं माझ्याकडे नाही."

काकूंनी हातातला थर्मास खाली ठेवला. "त्रेचाळीस वर्षं मी वाट बघत्ये," त्या म्हणाल्या. "मला नाही तर नाही, बर्फाला तरी म्हणा."

काकांनी माकडटोपी काढली. आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: "एक्सलंट." थोडं थांबले. आता दार उघडलंच आहे तर, अशा चेहऱ्याने पुढे लिहिलं: "मॅग्निफिसंट. प्लीज कम." सहा वाजून दहा मिनिटांनी अहवाल गेला. ब्रेंडाबाईंनी काकांना मिठी मारली. काकांनी ती अंगावर पाणी पडल्यासारखी सहन केली.

मग आम्ही खिडकीशी उभे राहून गाड्यांची वाट बघायला लागलो.

सात वाजता चार गाड्या होत्या, त्यातल्या तीन नोकरांच्या. आठला अकरा. साडेआठला फोन वाजायला लागला, आणि ब्रेंडाबाईंचा चेहरा खुलला. पण फोन करणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट विचारत होता: गुरूला काय झालं?

पाच वर्षं ज्याने बर्फाला 'वाईट नाही'च्या वर नेलं नव्हतं, तो एका सकाळी 'मॅग्निफिसंट' लिहितो, वर 'प्लीज' म्हणतो, हे कुणाला पटेना. काहींचा समज झाला की टेकडी कुठल्यातरी मोठ्या कंपनीने घेतली आणि गुरूला काढून टाकलं. काहींना वाटलं, अहवाल आता मशीन लिहितं. लुइसटाउनच्या एका बाईंनी तर काका गेले असंच धरलं. त्यांनी मॅकरोनीचा एक मोठा ट्रे आणून रडत रडत सरलाकाकूंच्या हातात दिला आणि शेजारी उभ्या असलेल्या काकांकडे न बघता निघून गेल्या. त्यांनी काकांना माकडटोपीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं.

नऊ वाजता पोलीस आले. गुरूला कुणीतरी डांबून ठेवून लिहायला लावत असावं, अशा दोन तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांच्यातल्या तरुण ट्रूपरने काकांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही इथे स्वतःच्या इच्छेने आहात का? काकांनी विचार केला. मग उत्तर दिलं, की इच्छेने आहे, पण माझ्यावर त्रेचाळीस वर्षं दबाव आहे. ट्रूपरने ते लिहून घेतलं. शेवटी काकूंनीच मधे पडून त्याला मॅकरोनी दिली.

काकांनी तातडीने दुसरा अहवाल पाठवला: "मी स्वतः गुरुनाथ आठल्ये. माझी प्रकृती उत्तम आहे. माझ्यावर कसलीही सक्ती नाही. बर्फ खरोखर मॅग्निफिसंट आहे." असा मजकूर या जगात फक्त डांबून ठेवलेला माणूसच लिहितो. फोन दुप्पट झाले.

साडेदहाला खिडकीतून साठेक गाड्या दिसत होत्या. त्यातून उतरलेले लोक इतका मोकळा आणि इतका सुंदर डोंगर पाहून वेडे झाले होते. लहान मुलांसारखे ओरडत खाली येत होते आणि धावत परत लिफ्टकडे जात होते. ब्रेंडाबाई खुर्चीत बसल्या. आता एकच उपाय होता आणि तो आम्हा चौघांनाही कळत होता.

"काका," मी म्हणालो, "नॉट बॅड लिहा. दुसरं काही नको. दोन शब्द. तासाभरात चारशे गाड्या येतील."

काका उठले. मला वाटलं कॉम्प्युटरकडे जातायत. ते टेप आणि शंकू घेऊन बाहेर गेले. पाठवायच्या आधी मोजायला हवं होतं.

मी मागे धावलो. ऊन वर आलं होतं आणि थर्मामीटर एक्केचाळीस फॅरनहाइटवर गेला होता. पायाखालचा बर्फ ओला व्हायला लागला होता. काकांनी शंकू भरला, उचलला. ढीग चार इंच बसला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा चार.

"काका, सकाळी सतरा इंच होता," मी म्हणालो. "लोकांना काय कळतंय यार, सकाळचा धरून लिहा ना."

"लोक येतील तेव्हा सकाळ नसेल," ते म्हणाले. त्यांनी नाक पुसलं, पण ते थंडीनेही असेल. "तुला कळतंय ना, मला पाहिजे आहेत त्या गाड्या? ब्रेंडापेक्षा मला जास्त पाहिजे आहेत."

"कळतंय."

"मग बोलू नकोस."

अकरा वाजून वीस मिनिटांनी तिसरा अहवाल गेला. तापमान एक्केचाळीस. बर्फ ओला, जड. शेरा: "विल डू."

फोन एकदम थांबले. अकराशे घरांत लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. गुरू जिवंत आहे, शुद्धीत आहे आणि स्वतः लिहितोय. कित्येकांनी आनंदाची उत्तरं पाठवली, एकाने तर कविता पाठवली. आणि शेरा फक्त 'चालेल' होता, म्हणून त्यातला एकही माणूस घराबाहेर पडला नाही.

बारा वाजता ब्रेंडाबाईंनी पार्किंगमध्ये जाऊन गाड्या मोजल्या आणि आकडा हॅरिसबर्गला कळवला. त्रेसष्ट. त्यात पोलिसांची एक धरली आहे. मग त्यांनी ऑफिसला कुलूप लावलं, पायांना फळ्या बांधल्या आणि अंधार पडेपर्यंत स्वतः स्कीइंग केलं. काका लिफ्टच्या खांबाशी उभं राहून त्यांचा प्रत्येक फेरा बघत होते. सरलाकाकू मला म्हणाल्या, की बर्फासाठी तो शब्द निघाला हे खरं, पण एकदा निघाला म्हणजे आता घरात आहे. घरी गेल्यावर त्यांनी खीर केली. काकांनी वाटी संपवली, चमचा खाली ठेवला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, गूळ किंचित जास्त झालाय.

एप्रिलमध्ये हिकरी हंप विकलं गेलं. आता तिथे सोलर पॅनेल आहेत.